सिंकच्या बाजूचा ओटा: कागदी तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

कामाची हद्द आधी ठरवून टाकते. आमचा ओटा काटकोनात वळतो. आखूड बाजूला शेगडी आहे, तिथे ग्रॅनाइट, आणि त्याला काहीही झालेलं नाही. लांब बाजूला खिडकी, सिंक आणि चिरण्या-मळण्याची जागा. तिथे पार्टिकल बोर्डवर चिकटवलेलं लॅमिनेट. सिंकभोवतीचा बोर्ड पाणी पिऊन फुगलाय, पुढच्या कडेची पट्टी सुटलीय, आणि खालून बोट फिरवलं की भुसा गळतो. बदलायची ती हीच बाजू. सव्वातीन मीटर लांब, ६२ सेंटिमीटर खोल, म्हणजे जेमतेम दोन चौरस मीटर. ग्रॅनाइट राहणार. धडधाकट दगड उपटून त्याच्या जागी काहीतरी 'पर्यावरणपूरक' बसवायचं, हा उलटा कारभार झाला.

पर्याय भराभर चाळले. सिंकशेजारी लाकूड म्हणजे त्याच्याच मागे लागणं. स्टील टिकेल, पण भांडं ठेवलं की घरभर आवाज. पुन्हा लॅमिनेट लावायचं तर बोर्ड पुन्हा फुगणार.

क्वार्ट्झवर थोडी थांबले. तयार स्लॅबमध्ये वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास दळलेलं क्वार्ट्झ असतं आणि बाकी रेझिन, म्हणजे घट्ट होऊन सगळं धरून ठेवणारं राळेसारखं रसायन. घरात बसल्यावर त्याचा कुणाला त्रास नाही. त्रास कापणाऱ्याला: त्या धुळीतला सिलिका फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या स्लॅबवर सरळ बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतोच, पण प्रमाण बरंच कमी. माझ्या दोन चौरस मीटरसाठी तो धोका कुणाच्या गळ्यात नको.

उरला कागद, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून, थरावर थर दाबून केलेला जाड तक्ता.

११ फेब्रुवारी

हे नवं आहे असं सगळे धरून चालतात. तसं नाही. लिओ बेकलंडने १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून उष्णता व दाबाखाली घट्ट होणाऱ्या रेझिनच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ मध्ये ते मिळालं, तेच बॅकेलाइट. त्यात भिजवलेले कागदाचे थर दाबले की कडक, वीज न वाहणारी शीट मिळते हे लवकरच लक्षात आलं. फॉर्मायका कंपनी १९१३ मध्ये सुरू झाली ती विजेच्या सामानातल्या इन्सुलेशनसाठी. स्वयंपाकघर तिच्या वाट्याला नंतर आलं.

आज आपल्या सुटलेल्या लॅमिनेटचा एक तुकडा मोडून पाहिला. वरचा नक्षीचा थर कागदाइतकाच पातळ, त्याखाली गडद तपकिरी गाभा. हा गाभा म्हणजे फिनॉलिक, म्हणजे बॅकेलाइटच्या जातीचं रेझिन प्यायलेला क्राफ्ट कागद, पॅकिंगला वापरतात तो खाकी, चिवट कागद. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. हाच गाभा थरावर थर देत १२, १९ किंवा २५ मिलिमीटरपर्यंत नेला, वरची नक्षी आणि खालचा बोर्ड काढून टाकला, की झाला कागदी तक्ता.

गंमत अशी की माझ्या ओट्यात कुजला तो बोर्ड. वरचं कागदाचं कातडं सिंकच्या कडेलासुद्धा शाबूत आहे. इतकी वर्षं पाण्याला तोंड देत होता तो कागदच. हे पाहिल्यावर माझा निम्मा निर्णय झाला.

१५ फेब्रुवारी

माहितीपत्रकं वाचतेय. या क्षेत्रातली दोन जुनी नावं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली: टकोमाची रिचलाइट, १९४३ पासूनची, आणि होक्वियममध्ये तयार होणारं पेपरस्टोन. रिचलाइटवाल्यांचेच तक्ते स्केटबोर्डच्या रॅम्पवर बसतात, आणि एबनी या काळ्या लाकडाऐवजी गिटारच्या फिंगरबोर्डलाही लागतात. रॅम्पवर जे चाकांखाली आणि पावसात टिकतं त्याला माझ्या ओट्यावर फार कष्ट पडू नयेत.

आता 'रिसायकल्ड' या शिक्क्याकडे. पत्रकावर '१०० टक्के रिसायकल केलेला कागद' असं लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं तक्ता १०० टक्के रद्दीचा. तो टक्का फक्त कागदाचा असतो. अशा तक्त्यात वजनाने साधारण ६० ते ७० टक्के कागद आणि उरलेलं रेझिन. म्हणजे रद्दीचा वाटा साधारण दोन-तृतीयांश. वाईट नाही, पण आकडा माहीत असलेला बरा.

दुसरी गोष्ट, रद्दी कुठली? लोकांनी वापरून टाकलेला कागद वेगळा आणि छपाईखान्यातली कातरण वेगळी. पर्यावरणाच्या दाव्यांसाठीच्या आयएसओ १४०२१ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही रिसायकल्ड धरतात, पण आकडे वेगळे द्यायला जागा आहे. आणि कारखान्याने स्वतःचाच भंगार माल त्याच प्रक्रियेत परत घातला तर तो मुळीच धरत नाहीत. पेपरस्टोनचा दावा वापरून झालेल्या कागदाचा आहे. रिचलाइट एफएससी (नीट राखलेल्या जंगलातल्या मालाला शिक्का देणारी संस्था) प्रमाणित किंवा रिसायकल केलेला, असं दोन्ही सांगते. एफएससीच्या शिक्क्यांतही '१०० टक्के', 'मिक्स' आणि 'रिसायकल्ड' असे तीन प्रकार. यातला फक्त तिसरा पूर्ण रद्दीबद्दल बोलतो; 'मिक्स'मध्ये रद्दी असेलही, नसेलही. नुसतं झाडाचं चित्र पाहून मान डोलवायची नाही.

आणि नव्या कागदाचा तक्ता म्हणजे फसवणूक, असंही मी म्हणणार नाही. धागा दर फेरीला आखूड होतो, पाच-सात फेऱ्यांनंतर कागदाला उपयोगाचा राहत नाही. कुठेतरी नवा धागा लागणारच. फक्त काय आहे ते स्पष्ट लिहा.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न लिहून काढले: कागदापैकी वापरून झालेला किती, रेझिन कुठलं, फॉर्मल्डिहाइड उत्सर्जनाचा अहवाल तयार तक्त्याचा आहे की नुसत्या रेझिनचा, अन्नसंपर्काचं प्रमाणपत्र आहे का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मागायची, तोंडी नको.

१९ फेब्रुवारी

नमुने आले. काळा, गडद तपकिरी, मातकट हिरवा आणि एक फिकट, वाळूच्या रंगाचा. हातात घेतल्यावर पहिली जाणीव म्हणजे हे दगडासारखं गार लागत नाही. वजन लाकडापेक्षा खूप जास्त, दगडाच्या निम्मं. हिशेब करून पाहिला: घनता १.३ च्या आसपास धरली तर १९ मिलिमीटरचा तक्ता चौरस मीटरला २५ किलो भरतो, तेवढ्याच जाडीचं ग्रॅनाइट ५० किलोच्या वर. खालची कॅबिनेट जुनीच वापरायची आहेत, त्यामुळे हा फरक कामाचा.

काळ्या नमुन्यावर पाचही बोटांचे ठसे लगेच उठले. काळा बाद. पत्रकातल्या फोटोंत मात्र सगळीकडे काळाच.

कड भिंगातून पाहिली. थर वेगळे दिसत नाहीत, रंग आरपार एकच. ही मला या वस्तूची सगळ्यात आवडलेली गोष्ट. पट्टी नाही, म्हणजे सुटणारं काही नाही.

२२ फेब्रुवारी

डाग. प्रत्येक नमुन्याच्या कच्च्या, तेल न लावलेल्या बाजूवर रात्रभर तेल, कॉफी, लिंबाचा रस, बीटचा रस आणि व्हिनेगरचे थेंब ठेवले. सकाळी पुसले.

लिंबू आणि व्हिनेगरने काहीच केलं नाही. संगमरवरावर हेच थेंब चमक खाऊन टाकतात, कारण तिथे आम्लाला कॅल्शियम कार्बोनेट मिळतं. इथे त्याला धरायला काही नाही. कॉफीची फिकट कडी फक्त वाळूरंगाच्या तुकड्यावर राहिली. बीट पुसलं गेलं. तेलाचा गोल डाग सगळ्यांवर दिसला, पण पूर्ण नमुन्याला तेल-मेणाचा हात दिल्यावर तो आजूबाजूत मिसळून गेला. हा डाग नव्हेच, पृष्ठभाग एका जागी आधी तेल प्यायला एवढंच.

मग मुद्दाम वाईट गोष्टी. ब्लीचने तपकिरी नमुन्यावर फिकट ठिपका पाडला. कॉस्टिक असलेली तुंबलेली मोरी उघडायची पावडर पाण्यात कालवून ठेवली तर तिने पृष्ठभाग खरखरीत करून टाकला. फिनॉलिक रेझिन आम्लाला दाद देत नाही, पण तीव्र अल्कलीपुढे हरतं. सिंकच्या बाजूला हाच तक्ता येणार असल्यामुळे ही नोंद ठळक करून ठेवते: ती पावडर ओट्यावर ठेवायचीसुद्धा नाही.

२४ फेब्रुवारी

आई नमुने बघून म्हणाली, "अगं, रद्दीचा ओटा? पहिल्याच दिवशी पाणी सांडलं की लगदा होईल."

"आई, तूच उकळून बघ."

"उकळू? बरं, उकळते." तिने खरंच जुनं पातेलं काढलं.

लॅमिनेटच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन ४३८ मध्ये, नमुना दोन तास उकळत्या पाण्यात ठेवायची चाचणी असतेच. आम्ही पातेल्यात कागदी तक्त्याची पट्टी आणि जुन्या ओट्याच्या पार्टिकल बोर्डचा तुकडा असे दोन्ही टाकले. बोर्ड थोड्या वेळातच दुप्पट जाड झाला आणि मग सुटत सुटत भुसा होऊन पाण्यात पसरला. कागदाची पट्टी बाहेर काढली, पुसली, व्हर्नियरने मोजली: मधोमध जाडीत फरक हाताला लागेना. कडेला किंचित वाढ, पृष्ठभाग थोडा निस्तेज. पाण्याला मात्र तपकिरी झाक आली होती.

कारण दोन्हीतल्या रेझिनमध्ये आहे. घरातल्या साध्या पार्टिकल बोर्डला बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइड असतं. त्याचे बंध पाणी आणि उष्णतेने हळूहळू तुटतात, आणि तुटताना फॉर्मल्डिहाइड परत सुटतो. फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचे बंध पाण्याने तसे उलटत नाहीत. शिवाय तक्ता दाबताना किमान १२० अंश तापमान आणि ५ मेगापास्कल दाब असतो, म्हणजे वातावरणाच्या पन्नासपट. आत पाणी शिरायला जागाच थोडी उरते.

आईने गाळलेला भुसा दाखवत विचारलं, "म्हणजे इतके दिवस आपण हे वापरत होतो?" पुढे कागदाविरुद्ध काही बोलली नाही. तिचा मोर्चा आता पार्टिकल बोर्डकडे वळलाय आणि कपाटांचीही चौकशी सुरू झालीय.

१ मार्च

उष्णता. माहितीपत्रकांत साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत सहन होतं असं लिहितात, आणि पुढच्याच ओळीत भांड्याखाली आधार ठेवा असंही.

उकळत्या पाण्याचं पातेलं थेट ठेवलं, काही नाही. मग जाड लोखंडी तवा रिकामाच तापवला, इन्फ्रारेड थर्मामीटरवर २३० दाखवेपर्यंत, आणि वाळूरंगाच्या नमुन्यावर टेकवला. आधी जुना स्विच तापल्यावर येतो तसा वास आला, मग तवा उचलल्यावर तपकिरी कड असलेला गोल. पॉलिशपेपरने घासून रंग बराचसा गेला, पण जागा किंचित खोलगट झाली.

लोक दगडाच्या ओट्याला सरावलेले असतात म्हणून या वस्तूची तुलना दगडाशी करतात, आणि मग नाराज होतात. हे लाकडाच्या कुळातलं आहे. ओरखडा उठतो, चटका बसतो, आणि दोन्ही घासून काढता येतात. शेगडीच्या बाजूला मी हे लावलं नसतं. तिकडे ग्रॅनाइट आहे, हे नशीबच.

२९ मार्च

खिडकीच्या फळीवर ठेवलेले नमुने आज उचलले. प्रत्येकाच्या अर्ध्या भागाला काळी टेप लावली होती. टेप काढली तर वाळूरंगाच्या तुकड्यावर सरळ रेघ: झाकलेला भाग होता तसा, उघडा भाग मधासारखा पिवळट-तपकिरी. हिरवा थोडा मळला. गडद तपकिरीत शोधावं लागतं. फिनॉलिक रेझिन अतिनील किरणांनी गडद होत जातं, रंगद्रव्य कुठलंही घातलं तरी. फिकट रंगाचा ओटा खिडकीखाली बसवला आणि त्यावर भांड्यांची जाळी कायम एकाच जागी ठेवली, तर तिच्या आकाराचा फिकट चौकोन मिळणार हे नक्की.

रंग ठरला. गडद तपकिरी.

५ एप्रिल

रेझिनवाला प्रश्न टाळून चालणार नाही. फॉर्मल्डिहाइडला आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग करणारा असा ठाम पुरावा असलेल्यांत. तो ओट्यात आहे म्हणून घाबरायचं का? पूर्ण पिकलेल्या, म्हणजे उष्णतेने पुरतं घट्ट झालेल्या फिनॉलिक रेझिनमध्ये तो बांधला गेलेला असतो आणि बाहेर पडण्याचं प्रमाण फार कमी राहतं. पण 'पूर्ण पिकलेलं' हा त्या कारखान्याच्या कामाचा भाग आहे, म्हणून तयार तक्त्याचा अहवाल मागितला होता. एका विक्रेत्याने रेझिनच्या डब्याचं माहितीपत्रक पाठवलं. त्याला परत लिहिलं, हे नको. दुसऱ्याने तक्त्याचा तुकडा बंद कक्षात ठेवून मोजलेला अहवाल पाठवला. काम त्याच्याकडे.

एक चांगली गोष्ट याच वाचनात सापडली. पेपरस्टोनच्या रेझिनमध्ये फिनॉलचा काही भाग काजूच्या टरफलातल्या तेलातून येतो. काजूगराभोवतीच्या टरफलात जे झोंबणारं, हाताला फोड आणणारं तेल असतं, ते तापवलं की त्यातून कार्डानॉल मिळतं. तेही एक फिनॉलच, फक्त त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी. गर काढल्यावर उरणाऱ्या टरफलाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

वाईट गोष्टही लिहिते. हे रेझिन एकदा पिकलं की पुन्हा वितळत नाही. रद्दीतून आलेला कागद या तक्त्यात शिरला की त्याचा कागद म्हणून शेवट झाला. उद्या हा ओटा काढला तर लगदा करून परत कागद होणार नाही. 'कचऱ्यातून आला आणि पुन्हा कच्चा माल झाला' असं चक्र इथे नाही. फायदा खरा असेल तर तो टिकण्यात आहे, आणि कापून दुसरीकडे वापरता येण्यात. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं वापरायचं असेल तरच घ्यावं. दर काही वर्षांनी स्वयंपाकघराचं रूप बदलण्याची हौस असलेल्याने घेऊ नये, रिसायकल्ड असलं तरी.

१२ एप्रिल

जाडी १९ मिलिमीटर. १२ चालली असती, पण सिंक खालून टांगायचं आहे आणि त्याच्या क्लिपांचे स्क्रू तक्त्यात जायला पुरेसं मांस हवं. २५ मध्ये वजन आणि खर्च दोन्ही वाढतात, आणि खाली कॅबिनेटचा आधार असताना उपयोग काही नाही. तक्ते पाच फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा मापातही येतात, म्हणून सव्वातीन मीटर एकसंध निघेल. सांधा फक्त ग्रॅनाइटपाशी.

ग्रॅनाइट मोजलं तर १८ मिलिमीटर भरलं. एका मिलिमीटरचा फरक मिस्त्रींवर सोडला.

१९ एप्रिल

मिस्त्री नमुना घेऊन गेले होते, आज परत आले. "ताई, कापलं जातं लाकडासारखं, पण ब्लेड खातं. साधी ब्लेड अर्ध्यात बसली."

"मग कार्बाइडची लावाल ना, मिस्त्री?"

"ती तर लागणारच. आणि कडेतून स्क्रू मारायला सांगू नका. कडेतून गेला की थर उकलतात, बघा." त्यांनी तुकडा दाखवला: कडेला स्क्रू घुसला तिथून केसासारखी चीर निघालेली.

माणूस पक्का आहे. पत्रकात जे चार पानांत लिहिलंय ते त्यांनी एका तुकड्यात दाखवलं. ठरलं ते असं: स्क्रू फक्त खालच्या बाजूने, आधी ड्रिलने स्क्रूच्या लांबीइतकं भोक पाडून, आणि कॅबिनेटच्या पट्टीतलं भोक लांबट. तक्ता हवेतल्या ओलाव्याने किंचित वाढतो-आकसतो. मीटरमागे दोनेक मिलिमीटरची मोकळीक धरायची. करकचून आवळला तर कुठेतरी फुगवटा येईल.

३ मे

तक्ता आला. उभा टेकवून ठेवणार होते, थांबवलं. सपाट, तीन-चार आडव्या पट्ट्यांवर, दोन्ही बाजूंना हवा सारखी लागेल असा ठेवलाय. एक बाजू फरशीच्या ओलीला आणि दुसरी कोरड्या हवेला राहिली तर तक्ता धनुष्यासारखा वाकतो. आता आठवडाभर तो बैठकीच्या खोलीत, आणि आम्ही त्याला वळसा घालून फिरतोय.

१० मे

कापणी. बाहेर, मोकळ्यावर. सिलिका नाही म्हणून मास्क नको असं कुणी म्हणू नये. रेझिनची बारीक धूळ नाकात आणि कातडीवर दोन्हीकडे त्रास देते. मिस्त्रींच्या पोराला माझ्यासमोर मास्क चढवायला लावला.

सिंकचा कटआउट: कोपरे काटकोनात नाहीत, आधी चारही कोपऱ्यांना गोल भोकं, मग त्यांच्यामधून कापणी. टोकदार आतला कोपरा ठेवला तर तिथूनच तडा सुरू होतो. राउटर एकदम खोल नेला नाही, थोडा थोडा करत उतरवला. पहिल्या फेरीत मिस्त्री जरा रेंगाळले आणि लगेच तो जुन्या स्विचचा वास; कडेला काळपट रेघ. पुढच्या फेरीत ती निघून गेली.

सिंकच्या उजव्या अंगाला पाणी निथळण्यासाठी पन्हळी कोरल्या. सुरुवातीला उथळ, सिंककडे जाताना खोल. या कामासाठी त्यांनी राउटरखाली तिरकी पट्टी लावून सरकता साचा बनवला, तो बघण्यासारखा होता. पुढच्या कडेची धार फक्त मारली, गोल नळीसारखी केली नाही. वरच्या बाजूची चार मिलिमीटरची गोलाई पुरते, आणि खालच्या बाजूला बारीक खाच, म्हणजे सांडलेलं पाणी कॅबिनेटच्या दारावरून न वाहता तिथेच तुटून पडतं.

कटआउटचा तुकडा चिरायच्या पाटासाठी ठेवला.

१३ मे

बसवणी. जुनी बाजू काढताना बोर्ड हातातच तुटला, त्यावरचं लॅमिनेट मात्र अखंड शीट म्हणून निघालं.

कॅबिनेटच्या वरच्या कडा लेव्हलने तपासल्या, दोन ठिकाणी पॅकिंग. ग्रॅनाइटच्या बाजूला त्या एका मिलिमीटरचा हिशेब कॅबिनेटची कड रंध्याने उतरवून केला. भिंतीपाशी तीन मिलिमीटर फट, वरून टाइलच्या तळाशी सिलिकॉन. ग्रॅनाइटशी सांध्यालाही इपॉक्सी न घालता सिलिकॉनच, कारण दोघांची हालचाल सारखी नाही आणि कडक सांधा आज ना उद्या तडकलाच असता. सिंकभोवतीच्या कापलेल्या कडेला आधी तेल-मेण जिरवलं, मग सिलिकॉनची रेघ, मग क्लिपा.

मिस्त्रींनी वरून हात फिरवला. "कागद आहे असं सांगितलं नसतं तर कळलं नसतं, ताई." आई म्हणाली, "मला विचारा, मी उकळलाय."

१६ मे

फिनिश. १५० नंबरचा पॉलिशपेपर, मग १८०, मग घासणीसारखं खरखरीत पॅड, तेही एकाच दिशेने. यापेक्षा बारीक गेलं तर पृष्ठभाग चमकायला लागतो आणि प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. मग तेल-मेणाचा पातळ हात, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसून काढला. जास्तीचं राहिलं तर चिकट होतं आणि धूळ धरतं. पन्हळींच्या आत फडकं बोटाला गुंडाळून.

५ जुलै

वापरातली टिपणं. नळाच्या मागच्या कोपऱ्यात पाण्यातल्या क्षारांची पांढरी कड बसते. व्हिनेगरच्या फडक्याने जाते, आणि इथे व्हिनेगर बिनधास्त वापरता येतं. कुणीतरी पाट न घेता थेट ओट्यावर चिरलं, त्याच्या फिकट रेघा दिसतायत. पॅडने पुसट झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. मी त्या तशाच ठेवणार आहे. कटआउटचा पाट चांगला चालतोय, सुरीची धार मात्र लाकडाच्या पाटापेक्षा लवकर जाते. खिडकीखालचा भाग बाकीच्यापेक्षा किंचित गडद झालाय, सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. सिंकच्या खाली टॉर्च लावून पाहिलं: कड कोरडी, सिलिकॉन धरून आहे.

तक्त्याची एक लांब पट्टी उरलीय, हातभर रुंद. आईला ती शिंकाळ्याच्या जागी फळी म्हणून हवी आहे, मला सिंकखालच्या कॅबिनेटचा तळ बदलायचाय, कारण तोही पार्टिकल बोर्डच आहे. मिस्त्री रविवारी माप घ्यायला येतायत. दोन्हीला पुरली तर पुरली, नाहीतर सिंकखालचा तळ आधी.